दोन तुकड्यांचा तळ

भागुबाई समोरच्या माणसाच्या तोंडाकडे उशिरा बघायची. आधी पाय. दारात उभा राहिलेला माणूस रामराम घालेपर्यंत त्याची टाच कुठल्या बाजूनं झिजते, अंगठा कुठं वळतो, हे सगळं तिच्या डोळ्यांत उतरलेलं असायचं; नाव मग सावकाश आठवायचं. झरी गावातल्या काही बायकांना ही तिची खोड खपत नसे. तिच्यासमोर आल्या की त्या लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून घ्यायच्या. भागुबाई हसायची. पाय झाकून काय उपयोग, बाहेर काढून ठेवलेली वहाण सगळं सांगतेच की, असं तिचं म्हणणं.

तिचं माहेर पाथरीकडचं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून कातडं कापायची रापी लहानपणीच हिच्या हातात आली. चांभाराच्या घरात बायका दोरा ओढतात, गोंडे लावतात, जोड्यावर नक्षी घालतात. पण कातड्यावर रापी चालवायची ती पुरुषानं, असा रिवाज. का, ते कुणी सांगत नाही. विचारलं की सगळे चिडतात, त्यावरून सांगण्यासारखं काही नसावं. बापानं तो रिवाज गुंडाळून ठेवला आणि पोरीला तळ कापायला शिकवलं. लग्न होऊन झरीला आली तेव्हा मात्र रापी सुटली आणि हातात सुई-दोरा आला.

नवरा लिंबाजी चांगला कारागीर होता आणि त्याहून चांगला माणूस होता. एका पावसाळ्यात तो तापानं महिनाभर अंथरुणाला खिळला आणि उठला तो थरथरता उजवा हात घेऊन. धड घास तोंडात जाईना, तिथं रापी काय धरणार. आठ दिवस त्यानं कातड्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी त्यानं रापी उचलून बायकोपुढं ठेवली आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून बारा वर्षं लोटलेल्या दाराआड भागुबाई कापत होती आणि दारापुढं बसून लिंबाजी जोडे देत होता. पंचक्रोशीत 'लिंबाजीचा जोडा' नावाजला. याचं तिला वाईट वाटायचं का? वाटायचं. आपण केलेल्या कामाला दुसऱ्याचं नाव, मग ते नवऱ्याचं का असेना, हे तिच्या मनाला लागायचं. पण घर चाललं पाहिजे होतं, आणि बाईनं कापलेला जोडा पायात घालायला त्या काळी कोण तयार झालं असतं.

झरीच्या उत्तरेला माळावर धनगरांची वस्ती होती. तिथला येडबा मेंढरं राखायचा, बोलायला अगदी मुखदुर्बळ. पण चैत्रात बिरोबाच्या ठाण्यापुढं ढोल वाजू लागला, की हा माणूस ओळखू येत नसे. धनगरांच्या गजाच्या खेळात पंचवीस-तीस गडी हातात रुमाल घेऊन ढोलाभोवती रिंगण धरतात आणि सगळ्यांनी एकाच्या पायाकडे बघून पाय टाकायचा असतो. तो पहिला पाय वीस वर्षं येडब्याचा होता. आधी संथ, मग चढत चढत, आणि शेवटी चवड्यावर अशी गिरकी घ्यायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. ढोल अंगदबुवांचा. अंगदबुवा वस्तीतले वडीलधारे, करडे आणि कमी बोलणारे. रिंगणात काय चालेल आणि काय चालणार नाही, ते हेच ठरवायचे.

लढाई चालू होती ती. कोणती कुठली लढाई, हे माळावर कुणाला नीट ठाऊक नव्हतं, पण परभणीच्या बाजारातलं जाड कातडं लष्कराच्या बुटांसाठी उचललं जात होतं, एवढं भागुबाईला पक्कं ठाऊक होतं. त्याच वर्षी येडब्याच्या उजव्या पायाला कुरूप झालं. वैदूनं ते कोरून काढलं. जखम भरली, पण चवड्याखाली अशी नाजूक कातडी राहिली, की अनवाणी मुरमावर पाय टेकला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. बिरोबाच्या यात्रेला सव्वा महिना उरला होता. यंदा पाय पडला नाही तर पहिला पाय दुसऱ्याकडे जाणार, आणि एकदा गेलेला तो मान परत येत नाही, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

मग येडब्यानं पायात काय घालून नाचता येईल याचा शोध मांडला. आपल्या नालाच्या वहाणा घालून पाहिल्या. तीन पदरी तळ, खाली खिळे; रानात काट्याला त्या उत्तम, पण नाचताना दगडावर खाडखाड वाजायच्या आणि गिरकीला अंगठ्याची पट्टी मातीत रुतायची. मग तो परभणीला गेला. बन्सीधर नावाच्या दुकानदारानं त्याला काळेभोर बूट दाखवले आणि साहेब लोक हेच घालून नाचतात म्हणून सांगितलं. साहेब लोक कसे नाचतात ते येडब्यानं पाहिलं नव्हतं, आणि बन्सीधरनंही पाहिलं नसावं. टाच उंच, तळ लाकडासारखा ताठ. वस्तीवर आल्यावर एकच फेर धरला आणि हा भला माणूस पाठीवर पडला. रबरी तळाचे कापडी बूटही एकाकडून मागून आणले. त्यांचं उलटंच झालं. अंग फिरायचं, पण रबर जमीन सोडायचंच नाही. गुडघ्याला असा पीळ बसला की चार दिवस तो मेंढरांमागं लंगडत होता.

शेवटी तो लिंबाजीच्या दारात आला. खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. लिंबाजी म्हणाला, की वहाण करून देतो, पण नाचायचा जोडा मी आयुष्यात केला नाही. दाराआडून भागुबाई सगळं ऐकत होती. तिला राहवलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा ती गिऱ्हाईक समोर असताना बाहेर आली आणि येडब्याला म्हणाली, की आधी नाचून दाखवा.

येडबा गांगरला. ढोल नाही, रिंगण नाही, कसं नाचू? भागुबाईनं चुलीतली राख चाळून आणली आणि अंगणात हातभर रुंद पट्टा पसरला. लिंबाजीनं डाव्या हातानं कातडं भिजवायच्या लाकडी कोटंबीवर ताल धरला. मऊ राखेत येडब्याचा पाय दुखेना. तो नाचू लागला, आणि भागुबाई शेजारी उकिडवी बसून राखेकडे टक लावून राहिली. तो थांबल्यावरही बराच वेळ ती उठली नाही.

राखेत पुऱ्या पावलाचा एकही ठसा नव्हता. चवड्याचा गोल, टाचेचा गोल, मधे राख तशीच्या तशी. चालताना पाऊल सगळं टेकतं. नाचणाऱ्याचं मधलं पाऊल जमिनीला लागतच नाही. ते नुसतं वाकतं. भागुबाईला एकदम उलगडा झाला. बुटानं आणि वहाणेनं ह्या गड्याला पाडलं ते मधल्या ताठ तळानं. ज्या जागेला काम नाही तिथं तळ हवाच कशाला? चवड्याखाली एक तुकडा, टाचेखाली एक तुकडा, मधे नुसतं बकरीचं मऊ कातडं. टाच बोटभरही उंच नको. आणि तळाची खरबरीत बाजू खाली, म्हणजे पाय घसरणारही नाही आणि अडकणारही नाही. हे सगळं तिला त्या राखेनं सांगितलं. जाड कातडं लष्करानं नेलं होतं, तेही एका परीनं बरंच झालं, असं तिला वाटलं. ते असतं तर सवयीनं तिनं तेच घेतलं असतं.

येडब्यानं आपल्याच कळपातल्या बकरीचं कातडं आणून दिलं. बाभळीच्या सालीत ते कमावलेलं होतं. भागुबाईनं माप घेतलं ते चांभाराच्या रीतीनं, उजव्या पायाचं, दोऱ्याला गाठ मारून. एका पायाच्या मापावर दोन्ही जोडे, हीच रीत. बापाची, आज्याची, सगळ्यांची. आठ दिवसांत जोडा तयार झाला. हातात धरून दुमडला तर भाकरीसारखा दुमडायचा. लिंबाजीनं तो उलटसुलट करून पाहिला आणि बायकोकडे बघून मान डोलावली. येडबा जोडा घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी तो हातात धरून परत आला. उजवा पाय खूश होता. डाव्या पायाला बोटांच्या मुळाशी दोन्हीकडून फोड आले होते.

लिंबाजी लगबगीनं म्हणू लागला, की माझ्याकडूनच काही तरी राहिलं असेल. भागुबाईनं त्याला थांबवलं.

"चूक माजी हाय," ती म्हणाली. "कापलंय म्या. पाच-सा दिस द्या, येडबादादा."

येडब्यानं तिच्याकडे पाहिलं, लिंबाजीच्या हाताकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजला. तो भला माणूस कुणाला एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी भागुबाई भाकरी बांधून माळावर गेली आणि लांबून येडब्याला मेंढरं राखताना पाहत बसली. तो उभा होता तसा सगळे धनगर उभे राहतात. काठी काखेत, अंगाचा भार काठीवर आणि डाव्या पायावर, उजवा पाय दुमडून डाव्या गुडघ्याला टेकवलेला. पाच वर्षांचा असल्यापासून हा माणूस दिवसभर एका पायावर उभा होता. डावा पाय बोटभर पसरला नसता तरच नवल. राखेतसुद्धा डावा गोल मोठा उठला होता. तिनं तो पाहिला होता आणि रीत आहे म्हणून सोडून दिला होता. सगळ्या गावाचे पाय तोंडपाठ असलेली बाई, आणि हे दिसू नये. ती स्वतःवर इतकी चिडली, की आणलेली भाकरी तिनं तशीच घरी नेली.

या खेपेला तिनं दोन्ही पायांची मापं घेतली, तीही संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय सुजल्यावर. नाचणारा पाय सकाळचा नसतो, गरम झालेला, फुगलेला असतो. जोडा मात्र तिनं किंचित आवळच ठेवला, कारण कातडं सैल होतं आणि सैल जोड्यात पाय घसरला की गिरकी गेली. तयार जोडा भिजवून तिनं येडब्याच्या पायात चढवला आणि वाळेपर्यंत काढू दिला नाही. वरून एरंडेल चोळलं. उजवा आणि डावा जोडा शेजारी ठेवला तर वेगवेगळ्या माणसांचे वाटावेत. येडबा अंगणात एकदा फिरला, पुन्हा फिरला, आणि मग थांबेचना. लिंबाजी कोटंबीवर ताल धरून दमला.

यात्रेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बिरोबाच्या ठाण्यापुढं भंडाऱ्याची पिवळी रेघ ओढून रिंगण आखलेलं. गडी अनवाणी आत उतरलेले, रेघेबाहेर वहाणांचा हा ढीग, आणि त्या ढिगापलीकडे भागुबाई आणि लिंबाजी, कारण त्यांची जागा तिथंच ठरलेली होती. येडबा जोडा घालून रेघेपाशी आला. अंगदबुवांनी ढोलावरचा हात उचलला. बिरोबाच्या रिंगणात चामडं जात नाही, जोडा काढ आणि ये, नाहीतर बाहेर थांब, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यांना कधी चढवावा लागत नसे.  येडबा जोडा काढायला खाली वाकला.

 तो जोडा निघाला असता तर येडब्याचा मान गेला असता, आणि भागुबाईचं बारा वर्षांचं दाराआडचं काम त्या ढिगात जाऊन पडलं असतं. ती ढिगाला वळसा घालून पुढं आली आणि रेघेच्या अलीकडं उभी राहिली.

"मग ढोल बी बाहीर ठिवा, अंगदबुवा," ती म्हणाली. "दिवाळीला तुमी ढोल मढवायला धाडला व्हता. त्येचं कातडं म्या कापलंय, म्याच चढवलंय. ह्या जोड्याचं कातडं बी म्याच कापलंय. त्येला तुमी भंडारा लावायलाय आन् ह्येला बाहीर काढायलाय."

 बाईनं ढोलाचं कातडं कापलं, हे ऐकून दोन-चार म्हातारे लिंबाजीकडे वळले. आता हा काय म्हणतो? लिंबाजी उठला. त्यानं उजवा हात वर केला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. हात पानासारखा थरथरत होता.

"ह्या हातानं सुई बी ओवत न्हाई," तो म्हणाला. "बारा वर्सं झाली. तुमच्या समद्यांच्या पायात जे हाय ते भागीचं हाय."

ज्यांच्या वहाणा ढिगात पडल्या होत्या, त्यांनी ढिगाकडे पाहिलं. नाकारायचं म्हटलं असतं तर अर्ध्या यात्रेला भर उन्हात अनवाणी घरी जावं लागलं असतं. कुणी पुढं आलं नाही. अंगदबुवा ढोलाकडे बघत उभे राहिले. त्यांनी कातड्यावर तळहात ठेवला, काठापासून मधोमध सावकाश फिरवला, जसं काही पहिल्यांदाच हात लावत होते.  त्यांनी टिपरी उचलली आणि ढोलावर पहिला ठोका टाकला.

येडबा रेघ ओलांडून आत गेला.

तो खेळ ज्यांनी पाहिला ते पुढं वर्षानुवर्षं सांगत राहिले. मुरूम तापला होता, बाकीच्या गड्यांचे पाय चटके खात होते, आणि येडब्याचा पाय वीस वर्षांत पडला नव्हता असा पडत होता. चढाला तो इतका हलका झाला, की विशीतल्या पोरांना त्याला गाठताना धाप लागली. मग गिरकी. एक, दोन, तीन, आणि शेवटी ढोलाबरोबर असा जागच्या जागी थांबला की धूळसुद्धा त्याच्या मागून खाली बसली. लोकांनी भंडारा उधळला. भागुबाई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर जोड्यावर होती. मधलं कातडं दुमडत होतं, उलगडत होतं, तळाचे दोन तुकडे आपापलं काम करत होते. हे मी केलं, असं ती मनात म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, आणि शेजारची बायनाबाई, जी तिच्यासमोर नेहमी पाय झाकायची, तिनं मान डोलावली.

त्या दिवसापासून लिंबाजीच्या घराचं दार लोटलं गेलं नाही. भागुबाई उंबऱ्यात बसून रापी चालवायची आणि लिंबाजी शेजारी बसून गिऱ्हाइकांना दोन्ही पाय पुढं करायला सांगायचा. एका पायाचं माप तिनं पुन्हा कधी घेतलं नाही. काहींनी वर्षभर नाकं मुरडली, मग वहाण तुटली तेव्हा तेही आले. जोड्याला लोक 'भागुबाईचा जोडा' म्हणू लागले, आणि सगळ्यांत आधी म्हणायला लागला तो लिंबाजी. अंगदबुवा मात्र या बाबतीत कधी काही बोलले नाहीत. दर चैत्रात येडबा जोडा घालून रिंगणात उतरायचा, अंगदबुवा ठोका टाकायचे, आणि भागुबाईकडे त्यांची नजर कधी जात नसे. मनात राहिलंच आहे म्हाताऱ्याच्या, असं ती समजून चालली होती. त्याचा एक सल तिच्या मनात होता.

पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली. अठ्ठेचाळीस साली यात्रा भरली नाही. वस्तीनं मेंढरं हाकून पूर्णेच्या खोऱ्यात, येलदरीच्या अंगाला मुक्काम हलवला. निघायच्या गडबडीत येडब्याच्या झोपडीतला जोडा दिसेनासा झाला. त्यानं पुष्कळ शोधला, आणि झरीवरून जाताना भागुबाईला सांगितलं. ढोल अंगदबुवांनी कुठं तरी लपवला होता. कुठं, ते त्यांनी एकट्या येडब्याच्या कानात सांगितलं. त्याच पावसाळ्यात, खोऱ्यातच, अंगदबुवा तापानं गेले.

भादव्यात फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि दसऱ्याच्या आत वस्ती माळावर परतली. येडब्यानं कडब्याच्या गंजीतून ढोल काढला. बुवांच्या काळ्या घोंगड्यात तो नीट बांधलेला होता. गाठ सोडून त्यानं आत पाहिलं आणि घोंगडं तसंच उचलून तो तडक झरीला आला.

भागुबाई उंबऱ्यात बसली होती. येडब्यानं तिच्यापुढं घोंगडं उघडलं. आत ढोल होता, आणि ढोलाला टेकून तिचा जोडा. एरंडेल चोळून ठेवलेला, एका सुरकुतीलाही तडा नाही. ढोलाच्या कातड्यावर अंगदबुवांच्या बोटानं भंडाऱ्याचा टिळा लावला होता. तसाच टिळा उजव्या जोड्याच्या चवड्यावर होता, आणि तसाच डाव्या.

भागुबाई रडली. लिंबाजीच्या देखत, येडब्याच्या देखत, पदरही तोंडाला न लावता रडली. मग तिनं जोडा उलटा करून पाहिला. टाचेचे तुकडे झिजले होते, चैत्रापर्यंत टिकले नसते. तिनं रापी घेतली आणि नवा तळ कापायला बसली. काम होईपर्यंत तिनं जोडा खालूनच धरला, वरच्या भंडाऱ्याला हात लागू दिला नाही.